आकाश मराठीत आणणाऱ्यांचा सन्मान



१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव घेतले होते. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, एवढाच हेतू. कथा कथा म्हणूनच तपासली जावी, ही त्यांची अपेक्षा होती. आपण ती पुरी केली का?

अमेरिकेत कार्ल सेगन यांना १९९२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सदस्यत्व नाकारले आणि १९९४ मध्ये त्याच संस्थेने लोककल्याण पदक दिले. लोकांशी बोलणाऱ्याला शास्त्रज्ञांत बसवताना तिथे हात आखडला. आपल्याकडे त्याला साहित्यिकांत बसवताना तो आखडतो.

नारळीकरांना मान मिळाला नाही, असे नव्हे. १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले, २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही. परंतु २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘चार नगरांतले माझे विश्व’ला, म्हणजे आत्मचरित्राला मिळाला. तो योग्यच होता. तरीही ‘आकाशाशी जडले नाते’सारखे पुस्तक ललित की माहितीपर, या प्रश्नापाशी आपण अजून अडतो.

माझ्या मते कसोटी सोपी आहे. अवघड गोष्ट खोटी न करता वाचकापर्यंत पोहोचली का? पोहोचली असेल, तर ते काम गद्यानेच केलेले असते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘ज्योतिर्विलास’पासून मराठीला ही परंपरा आहे, आपल्या गद्याच्या अभ्यासक्रमांत ती क्वचितच भेटते.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना नारळीकर आणखी जवळचे वाटावेत. त्यांचे बालपण बनारसमध्ये गेले. शाळेत हिंदी, घरात मराठी. त्या घरातल्या मराठीत त्यांनी पुढे विश्व मांडले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा. उत्तराखाली सही मिळेल.

२० मे २०२५ रोजी ते गेले. शोकसभा झाल्या. आता अकादमीने आपल्या वार्षिक पुरस्कारांत विज्ञानगद्याची पुस्तके निबंध आणि चरित्रांच्याच पंक्तीला, एकाच परीक्षकमंडळापुढे ठेवावीत, एवढी माझी विनंती आहे. वेगळा, धाकटा पुरस्कार नको. आजच्या एखाद्या जगतापाला निदान नाव बदलावे लागू नये.