हिप्परग्याची शाळा आणि आपली हजेरी

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या गावोगावच्या शाळांत झेंडावंदन होते. मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या तसबिरीला हार घातला जातो. हैदराबाद संस्थानच्या लढ्याचे पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण हा मनुष्य पुढारी होण्याआधी हेडमास्तर होता आणि तोही आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ही गोष्ट त्या दिवशीसुद्धा फारशी कोणी काढीत नाही. आज मी ती काढणार आहे. मी स्वतः हायस्कुलात आयुष्य घालवलेला शिक्षक. तेव्हा बोलणे शाळेचेच निघणार, हे आपण समजून घ्यालच.

ते खेडे म्हणजे हिप्परगा. आज ते धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी तिथे राष्ट्रीय शाळा काढली. साल ध्यानात घ्या. वर्षभरापूर्वीच महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली होती आणि ब्रिटिश मुलखात जागोजागी राष्ट्रीय शाळा निघत होत्या. परंतु आपला भाग निजामाच्या राज्यात. तिथे शाळा काढणे म्हणजे आधी परवानगीचा प्रश्न. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ झाले, त्याची भाषा उर्दू. वरच्या वर्गांतील शिक्षणही उर्दूतच. घरात मराठी, बाजारात मराठी, आईच्या ओवीत मराठी. आणि इतिहास-गणित मात्र दुसऱ्या भाषेत. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की शेतकऱ्याच्या पोराला आधी भाषेचा डोंगर चढावा लागे आणि विद्या डोंगरापलीकडे. पुष्कळसे पायथ्यालाच बसून राहत.

अशा वेळी हिप्परग्याच्या शाळेने मुलाच्या भाषेत मुलाला शिकवायचे ठरवले. यालाच मी शिक्षणाचे तत्त्वज्ञान म्हणतो. बी. एड.च्या परीक्षेत या विषयावर पाने भरून मी लिहिले आणि पासही झालो. पण शिक्षकाचे तत्त्वज्ञान त्या पानांत नसते. तो कोणाला आपला विद्यार्थी समजतो आणि त्याच्यासाठी काय सोसतो, यात ते असते.

१९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण गृहस्थ या शाळेचे मुख्याध्यापक झाले. तेच पुढचे स्वामीजी. त्यांचा जन्म १९०३ सालचा. विद्यार्थी असतानाच ते असहकाराच्या चळवळीत उतरले. पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले. मोठ्या शहरांत नाव काढता आले असते. ते आले हिप्परग्याला. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. भगवी वस्त्रे घेतलेला मनुष्य मठाकडे वळतो, असा आपला समज. हे स्वामी मात्र शाळेतच राहिले. बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी त्यांना मिळाले. १९३५ साली ही मंडळी अंबाजोगाईला गेली आणि योगेश्वरी विद्यालयाचे काम करू लागली. १९३८ साली स्वामीजी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागेही तेच. म्हणजे राज्य बदलले तरी शाळेचा ध्यास सुटला नाही.

याच सुमारास, १९२४ ते १९३० या काळात, तिकडे खानदेशात अमळनेरच्या हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. त्यांची रीत निराळी. ते वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने सेवा करीत. एकाने मुलांना देशाची हाक ऐकवली, दुसऱ्याने माया दिली. वाटा दोन, पण एक गोष्ट सारखी. दोघांच्याही लेखी विद्यार्थी घंटा झाल्यावर संपत नव्हता. शाळा सुटल्यावर तो कुठे जातो, काय खातो, याची वास्तपुस्त घेणे हा त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता.

आता कोणी विचारील, "काय हो गुरुजी, राष्ट्रीय शाळेत शिकून नोकरी मिळत होती का?" प्रश्न रास्त आहे. सरकारी वाटेबाहेरच्या शाळेत पोर घालणे म्हणजे सरकारी नोकरीच्या दारावर पाणी सोडणे. बापाला ते जड गेले असेल. मुलाच्या आयुष्याचा डाव शिक्षकाने आपल्या ध्येयासाठी लावावा का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. माझे मत विचाराल तर, त्या शिक्षकांनी स्वतःची नोकरी, घर, स्वास्थ्य आधी डावावर लावले होते. म्हणून त्यांना दुसऱ्याच्या पोराकडे मागण्याचा थोडा तरी अधिकार होता. ज्याने स्वतः काही सोडले नाही, त्याने मुलाला त्याग शिकवू नये.

हे सगळे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही आता सांगतो.

नववीच्या वर्गात माझा एक विद्यार्थी होता. गणितात चांगला. फळ्यावर उदाहरण पुरे व्हायच्या आत याचे उत्तर तयार. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली, तो काही आला नाही. मी त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडत गेलो. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. त्याच्या आईबापाने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि सारे घर ऊस तोडायला कारखान्यावर गेले होते. वर्गातल्या पोरांना हे ठाऊक होते. मी विचारले नाही, म्हणून मला ठाऊक नव्हते. शेवटी तांबड्या शाईने मी त्याचे नाव कमी केले.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर चैत्रात बाप पोराला घेऊन शाळेत आला. दारात उभा राहून म्हणाला, "सर, नाव काढलं म्हणत्यात. आमी परत येणारच व्हतो की. घर हितंच हाय आमचं."

मी त्याला नियम सांगितला. नियम खरा होता. पोरगा बापाच्या मागे उभा राहून फळ्यावरचे उदाहरण बघत होता. ते दोघे निघून गेले. त्यानंतर तो शाळेत आला नाही. पुढच्या हंगामात त्याच्या हाती कोयता आला, असे मला त्याच्याच सोबत्यांकडून कळले.

श्रोतेहो, नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. म्हणूनच ते जास्त टोचते. हिप्परग्याच्या मास्तरांपुढे एका राज्याची सत्ता होती, तरी त्यांनी मुलाची भाषा सोडली नाही. माझ्यापुढे फक्त एक हजेरीपत्रक होते, आणि मी मुलाला सोडले.

आज निजाम नाही. मराठीत शिकायला कोणाची आडकाठी नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून लागू आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड अशा सोयी निघाल्या. परंतु नववी-दहावीचे पोर वयाने त्या कायद्याबाहेर पडते, आणि नेमके तेव्हाच ते कोयता धरण्याजोगे होते. तिथे कायदा थांबतो, शिक्षकाने थांबून चालत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. दसऱ्यापूर्वीच वर्गात विचारा, यंदा कोणाचे घर तोडीला जाणार? आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात मूल राहू शकेल का, ते घरी जाऊन बघा. जाणारच असेल तर त्याच्या पिशवीत पुस्तके द्या, मोबाईल नंबर लिहून घ्या आणि पंधरा दिवसांनी एकदा विचारा, "कितव्या धड्यावर आलास रे?" आणि आईबापांनो, तुम्हीही टोळी निघण्याआधी शाळेत एक खेप घाला. "आम्ही परत येणार आहोत, नाव काढू नका," एवढे आधी सांगा. हे सांगायला लाजू नका. शाळा तुमची आहे.

येत्या १७ सप्टेंबरला हार घालताना त्या तसबिरीतल्या हेडमास्तराची आठवण ठेवा. आणि झेंडावंदन झाल्यावर हजेरीपत्रक उघडून बघा, कोणाच्या नावापुढे गैरहजेरी वाढत चालली आहे. त्या मुलाच्या घरी त्याच दिवशी जाऊन या.