शके ७७५ की ७७३? कान्हेरीच्या एका दानलेखाची साक्ष
(परतूर येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाला व्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो कायद्याची कलमे सांगेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी आपल्यापुढे एका सालाचा खटला मांडणार आहे. हे साल साडेअकराशे वर्षांहून जुने आहे, आणि त्याचा दस्तऐवज दगडावर कोरलेला आहे.

मुंबईजवळ बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. त्या डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी. तेथील एका संस्कृत लेखात असे नमूद आहे की, गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालच्या बाजूने, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्षुसंघासाठी ध्यानास योग्य अशी निवासस्थाने करविली आणि चीवरांच्या खर्चासाठी शंभर द्रम्म अक्षयनीवी म्हणून ठेवले. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजातून खर्च करावयाचा कायमचा ठेवा. त्या वेळी मान्यखेटच्या गादीवर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष होता आणि उत्तर कोकणात त्याचा मांडलिक शिलाहार राजा कपर्दी राज्य करीत होता. आपला हा मुलूखही राष्ट्रकूटांच्याच सत्तेखाली होता.

आता या दस्तऐवजाची तारीख पाहा. त्यावर शके ७७५, प्रजापति संवत्सर, आश्विन वद्य द्वितीया, बुधवार असे लिहिले आहे. म्हणजे एका दिवसासाठी चार साक्षीदार उभे केले आहेत. त्यांची उलटतपासणी करू.

साठ संवत्सरांचे चक्र ठराविक क्रमाने फिरते. प्रजापति हे त्यातील पाचवे, अंगिरा सहावे आणि श्रीमुख सातवे. आपल्याकडील गणनेने शके ७७५ ला श्रीमुख संवत्सर येते. प्रजापति येते ते शके ७७३ ला. कोणी म्हणेल की जुने लोक कधी सरलेले वर्ष लिहीत, तर कधी चालू वर्ष, म्हणून हा फरक पडला असेल. पण त्या हिशेबाने फार तर एका वर्षाचा फरक पडतो. आपण शके ७७४ वर येतो, आणि तेथे अंगिरा उभा आहे. मग वाराला विचारू. शके ७७५ च्या आश्विन वद्य द्वितीयेला बुधवार येत नाही. शके ७७३ ची तीच तिथी मात्र बुधवारी येते, आणि इंग्रजी पंचांगाने तो दिवस १६ सप्टेंबर ८५१ हा ठरतो. संवत्सर, तिथी आणि वार हे तिघे एका बाजूला व आकडा एकटा दुसऱ्या बाजूला. न्यायालयात अशा वेळी संपूर्ण दस्त खोटा ठरवीत नाहीत. आकडा चुकला असे धरून उरलेल्या मजकुराने त्याची दुरुस्ती करतात. विद्वानांनीही हेच केले, आणि हा लेख शके ७७३ चा धरला.

त्या एका दिवसाला निरनिराळ्या लोकांनी कोणकोणती नावे दिली असतील ते पाहणे मनोरंजक आहे. चैत्रापासून विक्रम संवत मोजणाऱ्यांच्या लेखी ते ९०८ होते, आणि कार्तिकापासून मोजणाऱ्यांच्या लेखी ९०७, कारण त्यांचा पाडवा अजून यावयाचा होता. सिंहलातील बौद्ध ज्या गणनेने तथागतांच्या महापरिनिर्वाणापासून वर्षे मोजतात, तिने ते बुद्धवर्ष १३९५. चीनमध्ये तांग घराण्यातील सम्राटाच्या दाझोंग नामक राज्यकालाचे ते पाचवे वर्ष. तेथे अवघ्या सहा वर्षांपूर्वी, ८४५ साली, विहारांवर भयंकर आघात झाला होता.

अरबांच्या गणनेने ते हिजरी २३७. याच हिजरी २३७ चा एक अरबी ग्रंथ उपलब्ध आहे. तो परंपरेने सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याचा समजला जातो. त्यात जगातील चार थोर राजांत ‘बलहरा’ म्हणजे वल्लभराज, आपला राष्ट्रकूट राजा, गणला आहे. त्याच्या राज्यातील नाण्यांवर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते, अरबांप्रमाणे एखादा शक नसतो, असेही तो ग्रंथ सांगतो. त्याच वर्षी त्याच राजाच्या राज्यात कोरलेला आपला लेख मात्र शकाचे वर्ष सांगतो. प्रवाशाचे ऐकावे, पण दगडाला विचारून ऐकावे.

आपण विचाराल, ७७३ काय आणि ७७५ काय, आमचे त्यात काय अडले? अडले ते असे. आद्य शंकराचार्यांचा काळ परंपरेने इ. स. ७८८ ते ८२० धरला जातो, आणि त्यांनी वादात हरवून बौद्ध धम्म या देशातून घालविला, असे आपल्याला लहानपणापासून ऐकवले जाते. त्या काळानंतर तीस वर्षे लोटल्यावर बंगालकडचा एक उपासक आपल्या कोकणात येतो, भिक्षूंसाठी निवास करवितो आणि कायमचा ठेवा ठेवतो. उद्या ओस पडणार असे वाटणाऱ्या विहारात कोणी अक्षयनीवी ठेवीत नाही. कान्हेरीत शके ७९९ चा, म्हणजे इ. स. ८७७-७८ चा, आणखी एक दानलेखही आहे. धम्म येथून पुढे का ओसरला हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण ज्या कालखंडात तो नाहीसा झाला असे सांगतात, त्या कालखंडात तो हिशेब ठेवीत होता.

आणखी एक योग पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तोही आश्विन महिनाच होता. शुद्ध दशमी, शके १८७८, बुद्धवर्ष २५००. अविघ्नाकराच्या दानाची तिथी आश्विनात त्या तिथीहून सातच तिथ्या पुढे. दोन्ही आश्विनांमध्ये शकाची ११०५ वर्षे गेली आणि बुद्धवर्षाचीही ११०५. हिजरीची मात्र २३७ पासून १३७६ पर्यंत ११३९ वर्षे झाली. ही जादा ३४ वर्षे कोठून आली? हिजरी वर्ष केवळ चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. आपल्या पंचांगात अधिक मास घालून चंद्राला सूर्याच्या बरोबर आणतात, तिकडे तसे आणीत नाहीत.

हा फरक केवळ पोथीतला नाही. परतूर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि तेथे हिजरी व फसली अशी दोन्ही साले चालत. एका कुटुंबाचा दावा मी चालविला. आजोबांच्या खरेदीखतावर उर्दूत १३४२ हे साल होते. प्रतिपक्षाने ते हिजरी धरून १९२३-२४ केले आणि म्हटले की, विकणाऱ्याच्या नावे जमीन १९२८ साली झाली, तर त्याने ती त्याआधी विकली कशी? खत बनावट आहे! घरातील वृद्ध माता रडू लागल्या. त्यांना वाटले, आपल्या धन्याने खरोखरच काही लबाडी केली की काय. मी खत पुन्हा वाचून घेतले. महिना खुर्दाद होता. खुर्दाद हा फसलीचा महिना; हिजरीत तो नाहीच. फसली सालात ५९० मिळवावे, आणि इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरचा महिना असेल तर ५९१. खत १९३३ चे निघाले. कान्हेरीत संवत्सराने जे केले, ते येथे महिन्याच्या नावाने केले.

जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. बौद्ध झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या कायद्याने १९९० साली मिळाल्या, तेव्हा हा पुरावा आपल्यालाही लागतो. आपल्या मराठवाड्यात तो पुष्कळदा शाळेच्या जुन्या रजिस्टरात, उर्दूत आणि फसली सालात दडलेला असतो. १३५५ हा आकडा पाहून कारकून गोंधळतो आणि अर्ज परत देतो. ते साल १९४५-४६ आहे, हे अर्जाबरोबर स्वतंत्र कागदावर लिहून द्यावे, आणि महिन्याचे नाव नोंदीत असेल तसेच उतरवावे. दै, बहमन, तीर, अमरदाद असे असेल तर फसली. रजब, शाबान, रमजान असे असेल तर हिजरी. मूळ नोंदीत खाडाखोड करून इंग्रजी साल घालण्याचा मोह मात्र कोणी करू नये. चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो, खोडलेला येत नाही.

उद्या सकाळी मी येथेच आहे. ज्यांच्या घरी असे उर्दू कागद असतील त्यांनी ते घेऊन यावे, घडीवर फाटले असले तरी चिकटवू नयेत, आहेत तसेच आणावेत. साल पुसट असेल तर आपण आधी वार आणि महिना वाचू.

जय भीम! नमो बुद्धाय!