आधी माणूस, मग मशीन



यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतून आलेल्या प्रशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. ‘ऋण’ हा शब्द यवतमाळात जपून उच्चारावा लागतो. कर्जाने घर कसे खचते, हे या मातीला कोणी सांगायला नको. म्हणूनच मशीन कर्जाने आणून जिम थाटायला निघालेला तरुण दिसला की मला काळजी वाटते. प्रशिक्षणाचा व्यवसाय त्याने जरूर करावा; सुरुवात मात्र माणसापासून करावी.

आपला वारसा तसाच आहे. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि देशी व्यायाम जगाला दाखवले. लाल माती, मुद्गल, मल्लखांब आणि शिकवणाऱ्याची नजर, एवढ्या भांडवलावर ही माणसे तिथवर पोचली.

वस्तादाला प्रत्येक पठ्ठ्याचे अंग ठाऊक असे. कोणाचा दम लवकर तुटतो, कोणाचा खांदा दुखरा आहे, कोणाला आज जोर कमी द्यायचे, हे तो बघूनच ओळखी. आज आपण ज्याला पर्सनल ट्रेनिंग म्हणतो, त्याचा गाभा हाच. पण कित्येक तालमी गावाच्या वर्गणीवर किंवा एखाद्या धनिकाच्या आश्रयावर चालत. आश्रय सुटला की दारे बंद होत. म्हणून सांगतो, फी मागायला लाजू नका. आपल्या घामाची किंमत घेणारा प्रशिक्षकच दहा वर्षे टिकेल. फक्त इथली कमाई कापसाच्या हंगामावर चालते, हे ध्यानात ठेवा. शेतकऱ्याच्या घरून दरमहा फी येत नसेल, तर कापूस विकल्यावर घ्या. पण आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

आपल्याकडे येणारा माणूस कोण आहे, तेही पाहा. पोलीस भरतीसाठी पहाटे ‘ग्राउंड’ मारणारी पोरे आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे, शंभर मीटरची दौड आणि गोळाफेक करायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यांचा सराव उन्हे चढण्याआधी संपलाच पाहिजे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या कंबरेला आणि खांद्यांना आपल्या विद्येची सर्वांत जास्त गरज आहे, आणि आपण त्यांच्याकडे सर्वांत कमी गेलो आहोत. साखर आणि रक्तदाब घेऊन जगणारे निवृत्त लोक आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा सराव, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी चटई, रबरी पट्टे, दोन डंबेल आणि घराचे अंगण पुरते. व्यवसायाच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीलाही पैसे लागत नाहीत.

पैसे लावायचेच असतील तर शिक्षणात लावा. शरीरशास्त्र शिका. थांबलेल्या हृदयाला मिनिटाला १०० ते १२० दाब कसे द्यायचे, ते हातांना पाठ असू द्या. छातीत दुखते म्हणणाऱ्याला व्यायाम देऊ नका, दवाखान्यात न्या. आणि शरीर झटपट फुगवणारी इंजेक्शने विकून मिळणारा पैसा हा पोरांच्या यकृताचा, हृदयाचा पैसा आहे. त्याला हात लावणारा आपला नव्हे.

शेवटची गोष्ट वहीची. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले, म्हणून ती विद्या आपल्यापर्यंत आली. न लिहिणाऱ्या कित्येक वस्तादांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली. प्रत्येक शिष्याचे वजन, दुखणे आणि प्रगती तारखेसह टिपा. पाच वर्षांनी त्या वह्याच तुमची पत ठरतील.

मित्रांनो, उद्या पहाटे एकाच माणसापासून सुरुवात करा. कोरी वही उघडा, त्याचे नाव लिहा आणि पहिला प्रश्न विचारा: दुखते कुठे?