चष्मा घालविणारी लेसर शस्त्रक्रिया

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



बँकेतल्या लेजरशी संबंध असणाऱ्याने लेसरवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. परंतु भरतीची तयारी करणारी आपली मुले चष्मा घालविण्यासाठी कर्ज मिळेल का, असे आम्हाला विचारू लागली, म्हणून आम्ही या विषयात शिरलो. चष्मा लागणे हा कमीपणा नव्हे, हे प्रथम सांगतो. बाबासाहेबांचा चष्म्यातला फोटो आपल्या घराघरांत आहे.

या शस्त्रक्रियेच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. भारतात जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ साली सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी एक्झायमर लेसर चालविला. भोवतालचा भाग न जळता स्वच्छ काप पडला. १९८३ मध्ये डॉ. स्टीफन ट्रोकेल यांच्या सहकार्याने हे तंत्र डोळ्याकडे वळले, आणि १९८८ मध्ये डॉ. मार्गरीट मॅकडोनाल्ड यांनी दृष्टी शाबूत असलेल्या डोळ्यावर पहिली पी.आर.के. शस्त्रक्रिया केली.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याचा बाक लेसरने बदलला की नंबर जातो. लॅसिकमध्ये या पडद्याची एक चकती कापून पुस्तकाच्या पानासारखी उलटतात, आत लेसर मारतात आणि चकती परत बसवितात. पृष्ठभागावरील पद्धतीत चकती नाहीच. कॉर्नियावरची नाजूक साल तेवढी काढतात. पी.आर.के.मध्ये ती खरवडून काढतात, लेसेकमध्ये अल्कोहोलने सैल करून बाजूला सारतात व पुन्हा पसरतात, तर ट्रान्स पी.आर.के.मध्ये लेसरच ती उडवितो. साल पुन्हा उगवते. कॉर्निया पातळ असेल, किंवा कुस्ती, कबड्डी, पोलीस-सैन्य अशा धक्काबुक्कीच्या कामात जायचे असेल, तर डॉक्टर बहुधा हीच पद्धत सुचवितात. चकतीच नसल्याने ती सरकण्याची भीती नाही.

पण फुकट काहीच नाही. लॅसिकनंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी बरेच स्पष्ट दिसते. येथे पहिले तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, दुखतात, पाणी येते. साल भरेपर्यंत औषधी लेन्स ठेवतात. नजर पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेव्हा परीक्षेच्या तोंडावर हा उद्योग करू नये! काहींच्या कॉर्नियावर धुरकटपणा येतो. तो टाळण्यासाठी मायटोमायसिन हे औषध वापरतात, आणि उन्हात गॉगल लावण्यास सांगतात. थेंब मनाने बंद करायचे नाहीत आणि मनाने चालूही ठेवायचे नाहीत, कारण स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो.

वय अठराच्या पुढे हवे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा केरॅटोकोनस हा विकार असेल, तर या शस्त्रक्रियेने तो बळावू शकतो. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी झाल्याशिवाय कोणी तारीख देत असेल, तर तेथून उठून यावे. चाळिशीचा वाचण्याचा चष्मा मात्र यानंतरही लागतोच, हे आमच्या वयाच्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही नोकऱ्यांना ही शस्त्रक्रिया चालते, काहींना अजिबात नाही. २०२४ च्या रेल्वे भरतीच्या जाहिरातीत सहायक लोको पायलट पदासाठी लॅसिक किंवा नंबर घालविणारी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र, असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे कर्ज काढून चष्मा घालवायचा आणि त्याच कारणाने नोकरीही घालवायची! ज्या पदासाठी अर्ज करणार, त्याच्या वैद्यकीय अटी आधी शब्दन् शब्द वाचा. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि स्वतः पाहा असे सांगणारा. जाहिरातही तशीच स्वतः पाहावी, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

राहिले कर्ज. तपासणी, शस्त्रक्रिया, औषधे आणि नंतरच्या फेऱ्या यांचा एकूण खर्च लेखी घ्या. हप्त्याच्या योजनेवर 'बिनव्याजी' असे छापलेले असले, तरी प्रक्रिया शुल्क किती, ते सही करण्यापूर्वी विचारा. कागद समजला नाही तर रविवारी सकाळी आम्ही विहारात असतो, घेऊन या.

जय भीम.