चित्रपुस्तकातून बाहुलीनाट्याकडे

सांगलीचे नाव निघताच १८४३ मधील ‘सीतास्वयंवर’ नाटकाचे स्मरण होते. त्या नाटकाचे कर्ते विष्णुदास भावे यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडविल्या होत्या, याचा मात्र बहुधा विसर पडतो. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतःच्या कुंचल्याने ‘चित्ररामायण’ सिद्ध केले. ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्र आणि बाहुली या दोन्ही वाटा या भागाला परक्या नाहीत. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत तर चित्रकथी, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्या एकाच परंपरेत सांभाळत आले आहेत.

शाळेत चित्रपुस्तकावरून बाहुलीनाट्य बसविताना एक भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. पुस्तकाचे पान मुलाच्या हाती असते. ते त्यावर रेंगाळते, मागे वळते, कोपऱ्यातील मुंगी शोधून काढते. रंगमंच हा अधिकार मुलाकडून काढून घेतो. त्याची भरपाई करणे, हेच रूपांतरकाराचे खरे काम होय.

चिमणी-कावळ्याची सर्वश्रुत गोष्ट उदाहरणादाखल घेता येईल. पुस्तकात पान करड्या रंगाने भरले की पाऊस पडतो. येथे पडद्यामागे सुपात ज्वारी घोळवावी, म्हणजे तो ऐकू येतो. शेणाचे घर म्हणून ठेवलेले तपकिरी फडके हळूहळू खाली ओढले की ते वाहून जाते. चित्रकार भिजलेल्या कावळ्याचा चेहरा पानोपानी बदलू शकतो. बाहुलीचा चेहरा एकदा रंगविला की तोच हसतो, तोच रडतो. म्हणून तो फार हसरा वा फार रडका रंगवू नये. दुःख मानेच्या झुकण्यातून, थंडी पंखांच्या थरथरीतून दिसावी. तर्जनी मानेत आणि अंगठा व मधले बोट पंखांत, एवढ्यावर हातमोज्याची बाहुली हे सारे करू शकते. कावळा दार ठोठावतो तेव्हा चिमणीने लगेच बोलू नये. थोडा वेळ गेला की उत्तर प्रेक्षकांतूनच येते. पान उलटण्याचा हक्क मुलांना तेथे परत मिळतो.

पुष्कळ शालेय प्रयोग फसतात ते बाहुली स्वच्छतेवर किंवा वृक्षारोपणावर भाषण करू लागल्यामुळे. भाषणास शिक्षक आहेतच. त्यासाठी बाहुलीला कष्टविण्याचे कारण नाही. पुस्तकातील वाक्येही निम्म्याहून अधिक गाळावीत. जत तालुक्याच्या सीमेवरील गावांत घरी कन्नड बोलणारी मुले वर्गात असतात, ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यांतून आलेली मुलेही असतात. शब्द मोजके असले तर गोष्ट त्यांच्याही हाती लागते.

खर्च म्हणावा तर जुना पायमोजा, कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि दोन खांबांना बांधलेले लुगडे. शिक्षकांना बाहुलीकलेचे प्रशिक्षण देण्याचे कार्य दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून करीत आले आहे. ग्रामपंचायतीस पैसे द्यावयाचेच झाले, तर ते पडद्यापेक्षा पुस्तकाच्या प्रतींसाठी द्यावेत. प्रयोग संपला की मुले चिमणीचे घर पुन्हा पाहावयास मागतात, आणि साऱ्या वर्गात एकच प्रत असली तर ती पहिल्या रांगेतच अडकून राहते.