घरच्या मोटारीची इंधनटाकी

घरी मोटार बांधणारे टाकीसाठी बहुधा अ‍ॅल्युमिनियम निवडतात, कारण ते हलके. पण हिशेब करून पाहावा: ३ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला ८ किलो भरतो, १.२ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा साडेनऊ. बचत एवढीच. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते, आणि ते पाणी तळाशी साचले की अ‍ॅल्युमिनियम आणि साधे लोखंड दोन्ही कुरतडते. प्लॅस्टिक गंजत नाही, हे खरे. जागेत बसणारी तयार टाकी मिळाली तर जरूर घ्यावी, पण हव्या त्या आकारात ती घरी घडत नाही. म्हणून माझा कौल स्टेनलेसला. मात्र टाकी रबरावर टेकवून पट्ट्यांनी बांधावी; थेट सांगाड्याला जोडली तर हादऱ्यांनी वेल्डिंगचा सांधा तडकतो.