डिट्रॉइटची ओस पडलेली पेठ

अमेरिकेंतील डिट्रॉइट शहराच्या वुडवर्ड रस्त्यावर हडसन नांवाचें एक प्रचंड दुकान होतें. दुकान कसलें, एक लहानसें गांवच तें! न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानाखालोखाल आकारानें अमेरिकेंत त्याचाच क्रमांक लागे. १९२४ पासून नोव्हेंबरांतील सणाची शहराची मिरवणूक हें दुकान काढूं लागलें. १९८३ सालीं त्यास कुलूप लागलें, आणि २४ ऑक्टोबर १९९८ रोजीं ती इमारत सुरुंग लावून पाडण्यांत आली.

अशी गजबजलेली पेठ ओस कां पडली? १९६७ सालच्या दंगलीनें ती बुडाली, असें उत्तर पुष्कळांच्या तोंडीं असतें. परंतु खानेसुमारीचे आंकडे त्यास दुजोरा देत नाहींत. १९५० सालीं शहराची वस्ती सुमारें साडेअठरा लक्ष होती. १९६० सालीं ती सोळा लक्ष सत्तर हजारांवर आली. म्हणजे दंगलीपूर्वींच गळती लागली होती. दंगलीनें ती वाढविली, इतकेंच.

दुसरें उत्तर मोटारीचें. मोटारींच्याच राजधानींत मोटारीनें पेठ गिळावी, हा योग विलक्षण खरा! ट्रामनें येणारें गिऱ्हाईक उतरलें कीं ट्राम पुढें जाई. मोटारीनें येणारें गिऱ्हाईक मात्र आपलें वाहन दुकानाजवळ तासन्‌तास उभें करून ठेवतें. १९५६ सालीं वुडवर्ड रस्त्यावरील शेवटची ट्रामही बंद झाली. मोटारींना जागा हवी म्हणून जुन्या इमारती पाडून मोकळीं मैदानें करण्यांत आलीं. आतां पेठेचा जीव असतो तो दुकानांच्या सलग रांगेंत. एक दुकान पाहून झालें कीं पाय आपोआप शेजारच्या दुकानाकडे वळतात. मध्येंच एक ओसाड पटांगण आलें, कीं चालणारा थबकतो व माघारीं फिरतो. गिऱ्हाईक यावें म्हणून जी सोय केली, तिनेंच गिऱ्हाइकाचें चालणें तोडलें.

तथापि सगळा दोष मोटारीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. लोक उपनगरांत आपल्या खुशीनें गेले असें म्हणतात. पण त्या खुशीस सरकारी पैशाचें पाठबळ होतें. १९३४ सालीं स्थापन झालेल्या घरबांधणी खात्यानें नव्या वस्त्यांतील गोऱ्या कुटुंबांच्या कर्जांस हमी दिली, आणि जुन्या मोहल्ल्यांना, विशेषतः नीग्रो लोकांच्या वस्तीस, धोक्याचे ठरवून हात आंखडला. १९५४ च्या कर-कायद्यानें नव्या इमारतींची घसारा-वजावट लवकर उरकण्याची मुभा दिली. सहाजिकच जुन्या दुकानाची डागडुजी करण्यापेक्षां बाहेर नवें बांधणें धनिकांना किफायतशीर वाटलें. १९५६ च्या कायद्यानें राष्ट्रीय महामार्गांच्या खर्चाचा नऊ-दशांश भार मध्यवर्ती सरकारनें उचलला. अशाच एका महामार्गाखालीं डिट्रॉइटचा हेस्टिंग्ज रस्ता गेला. तो नीग्रो समाजाचा बाजार होता. तेथील दुकानांना गिऱ्हाईक गमावण्याची पाळीच आली नाहीं, त्यांच्या पायांखालची जमीनच काढून घेतली गेली.

आणि घरचा भेदी कोण, तर हडसनच! १९५४ सालीं शहराच्या हद्दीबाहेर नॉर्थलँड नांवाचें दुकानांचें नवें संकुल उभें राहिलें, तें याच पेढीनें उभारलें. भोंवतीं हजारों मोटारींची सोय होती. त्याचा शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. जुन्या युरोपीय चौकांतील वर्दळ उपनगरांतील माणसांस मिळावी, हा त्याचा हेतु. व्यापाऱ्यांनीं त्यांतील दुकानें तेवढीं उचललीं आणि वर्दळीचा विचार सोडून दिला. ग्रुएननें पुढें या संकुलांशीं आपला संबंध उघडपणें नाकारला. १९६८ सालीं तो व्हिएन्नास परतला.

ज्यांच्यापाशीं मोटार होती, त्यांना या स्थलांतराची फारशी झळ लागली नाहीं. हाल झाले ते म्हाताऱ्यांचे, गरिबांचे आणि दुकानांतून काम करणाऱ्या बायकांचे. माल बाहेर गेला, त्याच्या मागोमाग नोकरीही गेली. त्यांना मात्र घर बदलतां येईना, आणि नीग्रो कुटुंबांस कित्येक उपनगरांत कोणी घर देईना.

नॉर्थलँडचें पुढें काय झालें? त्याहून दूर, त्याहून नवीं संकुलें निघालीं, गिऱ्हाईक तिकडे वळलें, आणि २०१५ सालीं नॉर्थलँडलाही कुलूप लागलें. हडसनच्या मोकळ्या जागेवर २०१७ च्या डिसेंबरांत नव्या इमारतीचा पाया खणण्यास आरंभ झाला.